अडवणारी माती, वाट देणारी माती

लोकलच्या दारात उभी राहिले की माझी नजर अजूनही आधी वर जाते. ओव्हरहेड वायरला खांबापासून दूर धरून ठेवणारे तपकिरी, झिलईदार इन्सुलेटर दिसतात. एकामागे एक चकत्या ओवल्यासारखा त्यांचा आकार. बाबा मध्य रेल्वेत ओएचईच्या कामाला होते, म्हणजे या वायरी, हे खांब आणि हे इन्सुलेटर सांभाळणाऱ्या गँगमध्ये. एप्रिल-मे आला की त्यांना रविवार म्हणून नसायचाच. मेगाब्लॉक मिळाला की टॉवर वॅगनच्या फळीवर उभं राहून ते इन्सुलेटर पुसायचे. एकेक करून, हाताने.

पाऊस धुऊन काढेलच की, पुसायचे कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला डेपोत नेऊन एक काढून ठेवलेला इन्सुलेटर उलटा करून दाखवला. वरून तो बशीसारखा गुळगुळीत होता. खालच्या बाजूला मात्र एकात एक अशा गोल कडा होत्या आणि त्यांच्या मधल्या खाचांत काळपट, चिकट मळ बसलेला होता. समुद्रावरून येणारी खार, ब्रेक घासून उडणारी लोखंडाची धूळ, शहराचा धूर, सगळं त्या खाचांत जमतं आणि पावसाचं पाणी तिथवर नीट पोचत नाही. थर कोरडा असतो तोवर त्रास नसतो. जूनच्या पहिल्या भुरभुरीने तो नुसता ओलावतो, खार विरघळते आणि चिनी मातीच्या अंगावरून वीज रांगायला लागते. मग एक मोठा आवाज होतो, लखकन उजेड पडतो आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. धो धो पाऊस परवडला, भुरभुर नको, असं बाबा म्हणायचे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. ती वीज मुंबईत नव्वदहून थोडी अधिक वर्षं टिकली. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये २५,००० व्होल्ट एसीकडे जाणं पूर्ण केलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये सर्वांत शेवटी हार्बर लाइन बदलली. व्होल्टेज इतकं वाढलं म्हणजे इन्सुलेटरही लांब, मोठे लागले. बाबांच्या नोकरीची शेवटची वर्षं त्यातच गेली. चिनी मातीचं काम वीज अडवण्याचं, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की त्यावर कुणी वेगळं बोलतही नसे.

मी मात्र रसायनशास्त्राकडे वळले. आता ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या मुलांना विद्युतरसायन शिकवते. आणि गेली काही वर्षं माझं सगळं लक्ष त्याच भाजलेल्या मातीच्या दुसऱ्या गुणाकडे लागलं आहे. ती वाटही देते. कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं हे ती निवडते. उद्याच्या बॅटरीचं सगळं गणित या निवडीवर उभं आहे, असं माझं ठाम मत आहे.

याची सुरुवात फार जुनी आहे. मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकातच पाहिलं होतं की सिल्व्हर सल्फाइड, लेड फ्लुओराइड असले घन पदार्थ तापवले की वीज वाहू देतात. तारेसारख्या धातूत उलटं होतं, ती तापली की विरोध वाढतो. पुढे १८९७ च्या सुमारास वाल्टर नेर्न्स्टने झिर्कोनियाच्या, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडच्या, मातीत थोडं यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळून एक बारीक कांडी केली. थंड असताना ती वीज अजिबात जाऊ द्यायची नाही. तिला आधी तापवावं लागे. मग तिच्यातून वीज वाहायची आणि ती पांढरीशुभ्र पेटायची. नेर्न्स्टचा दिवा म्हणून तो काही वर्षं विकलाही गेला, मग टंगस्टनच्या तारेने त्याला मागे टाकलं. कांडीत खरं काय होत होतं? तिच्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, सरकत होते. तीच झिर्कोनिया आज गाड्यांच्या धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर म्हणून बसलेली असते, आणि २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर आपल्या दुचाकींतही आली. म्हणजे दादरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरमध्ये एक माती स्पार्क प्लगमध्ये बसून वीज अडवते आहे आणि दुसरी, हातभर अंतरावर, आयनांना वाट देते आहे.

बॅटरीसाठी मोठं वळण आलं ते काच वितळवणाऱ्या भट्टीच्या विटांतून. या विटांत बीटा अ‍ॅल्युमिना नावाचं एक द्रव्य वापरलं जात होतं. आधी ते अ‍ॅल्युमिनाचंच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचंच, एक रूप समजलं गेलं, म्हणून ते नाव. नंतर कळलं की त्यात सोडियम आहे. अ‍ॅल्युमिनाच्या घट्ट थरांच्या मधे सैल थर आहेत आणि सोडियम तिथे राहतं. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ कमर आणि नील वेबर यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की त्या सैल थरांतून सोडियमचे आयन सुटसुटीत धावतात. विटेतल्या ज्या द्रव्याकडे उष्णता सोसणारा दगड म्हणून पाहिलं जायचं, त्याची त्यांनी नळी केली. नळीच्या आत वितळलेलं सोडियम, बाहेर वितळलेलं गंधक, तापमान तीनशे अंशांच्या पुढे.

हा सेल मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा नळीच्या भिंतीपाशी खडू थांबवते. सोडियमच्या अणूला पलीकडे गंधकाकडे जायचं आहे. भिंत म्हणते, आयन होऊन ये, इलेक्ट्रॉन मात्र इथून जाणार नाही. आयन आरपार जातो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने, दिव्यातून, मोटारीतून फिरून पलीकडे पोचावं लागतं. आपण वापरतो ती वीज म्हणजे इलेक्ट्रॉनला पडलेला हा वळसा. भिंतीने दोघांनाही सोडलं तर सेल आतल्या आत संपेल, दोघांनाही अडवलं तर काहीच घडणार नाही.

या सेलला बाजारात आणणाऱ्या कंपनीची कुळकथा मला फार आवडते. जपानमध्ये मोरिमुरा घराण्याने १९०४ मध्ये नागोयाजवळ कपबशा करायचा कारखाना काढला. त्याच्या पोटातून १९१७ मध्ये शौचालयाची भांडी करणारी कंपनी निघाली, १९१९ मध्ये विजेचे इन्सुलेटर करणारी एनजीके आणि १९३६ मध्ये स्पार्क प्लग करणारी आणखी एक. इन्सुलेटरवाल्या एनजीकेने टोकियोच्या वीज कंपनीबरोबर काम करून या शतकाच्या सुरुवातीला सोडियम-गंधक बॅटऱ्या विकायला सुरुवात केली. २००८ मध्ये रोक्काशो इथे ५१ मेगावॉटच्या पवनचक्क्यांना जोडून ३४ मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. वीज अडवायची माती कशी दळायची, कशी दाबायची, कशी भाजायची हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यांनाच वाट देणारी नळी बिनतड्याची करता आली. मला यात योगायोग दिसत नाही. हे हाताचं ज्ञान आहे, आणि ते एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे असंच चालत जातं.

तडा गेला तर काय होतं हेही जपानने पाहिलं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये त्सुकुबा इथल्या एका कारखान्यात अशा बॅटरीला आग लागली. एका सेलमधून वितळलेला माल बाहेर आला आणि त्याने शेजारच्या सेलमध्ये शॉर्ट केलं.

हे सगळं वाचत असताना मी धारावीच्या कुंभारवाड्यात जायला लागले. पुस्तकात भाजणीचं तापमान मिळतं, पण भाजणं म्हणजे काय हे बघायचं होतं. तिथली बहुतेक घरं मूळची सौराष्ट्रातली. गल्लीच्या मधोमध विटांच्या बुटक्या भट्ट्या, त्यांत माठ, कुंड्या, पणत्या रचलेल्या आणि जळण म्हणून कापडाच्या चिंध्या. संध्याकाळी धूर इतका उतरतो की समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्या धुराचा त्रास तिथे राहणाऱ्यांच्या छातीला होतो, हेही लिहायला हवं. एक काकी भट्टीतून निघालेला प्रत्येक माठ डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी टकटक करत होत्या. खणखणीत वाजला की एका बाजूला, बद्द वाजला की दुसऱ्या बाजूला. बद्द वाजलेल्या एका माठात तडा कुठे आहे ते मी शोधत राहिले. काकींनी तो उन्हाकडे फिरवला आणि गळ्यापाशी केसाइतकी रेघ दाखवली.

"हा कशाने गेला?" मी विचारलं.

"घाईने," त्या म्हणाल्या. "ताई, भट्टी थंड व्हायच्या आधी उघडली की असं होतं. जाळायला जेवढं डोकं लागतं ना, त्याच्याहून जास्त थंड करायला लागतं."

माठ आठ-नऊशे अंशांपर्यंत भाजला जातो आणि त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. माठाचा हा गुण बॅटरीच्या मातीत मोठं संकट ठरतो. सोडियमऐवजी लिथियमची बॅटरी असली तर ती चार्ज होताना लिथियम धातू बारीक तंतू होऊन वाढू शकतो. त्याला एखादं छिद्र किंवा दोन कणांमधली एखादी फट सापडली की तो त्यातून पुढे सरकतो आणि पलीकडे पोचला की सेल शॉर्ट. म्हणून ही माती जवळजवळ शंभर टक्के घट्ट भाजावी लागते, आणि घट्ट भाजायचं म्हणजे तापमान वाढवायचं. तिथून नवे प्रश्न सुरू होतात, त्यांच्याकडे येतेच.

त्याआधी आपल्या खिशातल्या बॅटरीबद्दल. तिच्यातला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयनांना वाट देणारा पदार्थ, द्रव असतो, त्यामुळे तिचा मातीशी संबंध नाही असं वाटतं. पण तिचा धन ध्रुव म्हणजे भट्टीत भाजलेली पूडच असते. जॉन गुडइनफ १९५०च्या दशकात एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत संगणकाच्या स्मृतीसाठी लागणाऱ्या फेराइटच्या बारीक कड्यांवर काम करत होते. त्या कड्या सिरॅमिकच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्याच जातीच्या. ऑक्साइडमध्ये धातूचे अणू कसे बसतात, इलेक्ट्रॉन कुठे अडतात, याचं ज्ञान त्यांना तिथे मिळालं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी आणि कोइची मिझुशिमा यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं. १९९१ मध्ये सोनीने त्यावर बॅटरी विकली. २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते आणि स्टॉकहोमला त्यांच्या वतीने व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम यांनी, जे तमिळनाडूतल्या एका खेड्यातून आयआयटी मद्रासमार्गे अमेरिकेत गेले. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं पहिल्यांदा वही सोडून माझ्याकडे बघतात.

आणखी दोन नावं मी आवर्जून सांगते. अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी. टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्याबरोबर १९९७ मध्ये त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ना कोबाल्ट, ना निकेल, नुसतं लोखंड आणि फॉस्फेट. फॉस्फरस आणि ऑक्सिजनची गाठ इतकी पक्की की बॅटरी तापली तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून आगीची भीती कमी. आपल्या उन्हाळ्यासाठी याहून मोलाचा गुण कोणता? आज जगभरच्या कितीतरी विजेच्या बस, रिक्षा आणि सौरऊर्जेच्या साठवणीच्या पेट्या या पुडीवर चालतात. ती सिरॅमिकच्या चौकोनी ट्रेमध्ये भरून लांबलचक भट्टीतून सरकवली जाते, लाद्या भाजतात त्याच जातीच्या भट्टीतून. बॅटरीचा कारखाना म्हटलं की लोकांना पांढऱ्या कोटातली माणसं दिसतात. मला आधी ती भट्टी दिसते.

आता ती घट्ट भाजलेली माती, जी त्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या जागी बसवायची आहे. २००७ मध्ये जर्मनीतल्या कील इथे रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वेर्नर वेपनर यांनी लिथियम, लँथनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचं एक द्रव्य केलं. गार्नेट या रत्नासारखी त्याची रचना. साध्या तापमानाला त्यातून लिथियमचे आयन चांगल्यापैकी धावत होते. तरीही द्रवापेक्षा बरेच हळू, पण घन मातीसाठी फार मोठी उडी. ते जळत नाही आणि लिथियम धातूच्या शेजारी बसूनही बऱ्यापैकी टिकतं. साहजिकच जगभरच्या प्रयोगशाळांनी ते करायला घेतलं. आणि अनेकांना जमेना. तोच नुस्खा, तीच मापं, पण आयन शंभर पटींनी हळू. स्फटिकाची घडणच वेगळी निघायची, सगळ्या बाजू सारख्या असलेल्या ठोकळ्याऐवजी एका बाजूला किंचित दबलेली.

कारण सापडलं ते मुशीत. ही पूड अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत बाराशे अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजत होते. इतक्या उष्णतेत लिथियम अतिशय आक्रमक होतं, मुशीचं अंग कुरतडतं आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम पुडीत शिरतं. तेवढ्या चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमने लिथियमच्या काही जागा घेतल्या, बाकीच्या लिथियमची शिस्त मोडली, आणि वेगाने आयन नेणारी घडण साध्या तापमानालाही टिकून राहिली. ज्यांनी वेगळी मूस वापरली त्यांना ते जमलं नाही. २०११ च्या सुमारास हे नीट सिद्ध झालं आणि मग लोक जाणूनबुजून अ‍ॅल्युमिनियम, टँटलम, गॅलियम घालू लागले. मूस म्हणजे नुसतं भांडं, निबंधात तिला अर्धी ओळ. पण भट्टीत ठेवलेली कुठलीच वस्तू नुसती भांडं नसते. मला हे वाचताना जो आनंद झाला, तसा फार थोड्या शोधनिबंधांनी दिला आहे. त्यात कुणाची हार नव्हती. कुणीतरी शांतपणे विचारलं होतं की माझ्या भट्टीत आणि तुझ्या भट्टीत फरक काय, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिलं होतं.

दुसरी अडचण अशी की त्या तापमानाला लिथियम वाफ होऊन उडून जातं. म्हणून आधीच थोडं जास्त घालतात, आणि पूड दाबून केलेली वडी भाजताना तिच्यावर त्याच द्रव्याची पूड पसरतात, म्हणजे उडायचं ते पुडीतून उडावं, वडीतून नको.

हे मी बाबांना सांगितलं. ते आता निवृत्त आहेत, सकाळी चहा घेताना माझं बोलणं मन लावून ऐकतात. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अगं, पण पावसाळ्यात त्या मातीचं काय होतं?"

मी कप खाली ठेवला. या क्षेत्रातल्या लोकांना छळणारा नेमका हाच प्रश्न आहे. दमट हवेत ही गार्नेट माती राहिली की तिच्यातलं लिथियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी ओलाव्यातला हायड्रोजन बसतो. बाहेर आलेलं लिथियम हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला धरतं आणि पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो. त्या थरावर लिथियम धातू नीट पसरत नाही, चिकटत नाही, आणि आयनांना नाक्यावरच अडकायला होतं. मग घासून थर काढा, नाहीतर कोरड्या वायूत पुन्हा तापवा, नाहीतर पहिल्यापासून कोरड्या खोलीत काम करा. मुंबईच्या जुलैत ती खोली कोरडी ठेवायची म्हणजे केवढी वीज!

"म्हणजे आत कितीही चांगली असू दे, पृष्ठभाग सांभाळायला हवा," बाबा म्हणाले. इन्सुलेटरच्या खाचा पुसण्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंतचा काळ गेलेल्या माणसाने हे एका घोटात ओळखलं.

मला स्वतःला आशा वाटते ती सोडियमच्या मातीबद्दल. १९७६ मध्ये गुडइनफ आणि हाँग यांनी नॅसिकॉन नावाचं द्रव्य मांडलं, सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन आणि फॉस्फरस यांचं. लिथियम आपण बाहेरून आणतो. सोडियम कांजूर-भांडुपच्या मिठागरांपर्यंत कुठेही आहे. झिर्कॉनची वाळू केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर आहे आणि ती काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या प्रभादेवीत आहे. घटक घरात आहेत. कमी आहे ती ही माती कागदाइतकी पातळ ओतून, न वाकता, न तडकता भाजू शकणाऱ्या हातांची, आणि त्यासाठी महाविद्यालयांत भट्ट्या हव्यात. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्नर असतो. हजार अंशांची छोटी भट्टी असावी असं मी कितीतरी बैठकांत बोलले आहे आणि पुढेही बोलत राहीन.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या एका प्रयोगशाळेत नॅसिकॉनच्या वड्या भाजते. परवा रात्री तिचा मेसेज आला, सोबत फोटो. पांढरी, नाण्याएवढी वडी आणि मधोमध केसाइतकी रेघ.

"मॅडम, पुन्हा तडकली."

"थंड किती वेगाने केलीस?"

"मिनिटाला पाच अंश."

"दोनवर आण. आणि भट्टी उघडायची घाई करू नकोस, रात्रभर तशीच राहू दे."

तिने उद्याचा स्लॉट मिळतो का ते बघते असं कळवलं आहे.